मेलेली अळी आणि उरलेलं पान

"ताई, ह्यानं अळी मरती का?"

मराठवाड्यात कीटकशास्त्राचं काम करणाऱ्या बाईला शेतकरी पहिला प्रश्न हाच विचारतो. परभणीत दर वर्षी 18 मे रोजी, कृषी विद्यापीठाच्या स्थापनादिनी, खरीप मेळावा भरतो. आठही जिल्ह्यांतून माणसं येतात, बियाणं घेतात, मंडपात उभं राहून शंका विचारतात. तिथे निंबोळी अर्काचा विषय निघाला की समोरच्याची नजर लगेच सांगते, याला खात्री नाही. मरती का, आन् कवा मरती? सकाळी फवारलं आणि संध्याकाळी सरीत मेलेल्या अळ्या दिसल्या, तर औषध खरं. नाही दिसल्या तर पैसे पाण्यात गेले.

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. उसनवारी करून पेरलेली तूर फुलात असताना अळी दिसली की माणूस धीर धरण्याच्या मनःस्थितीत नसतो. आणि आम्ही शास्त्रज्ञ तरी वेगळं काय मोजत होतो? किडीच्या औषधाची परीक्षा करताना आमच्या वहीतलाही पहिला रकाना मरणाचाच असतो. शंभरातल्या पन्नास अळ्या मारायला किती मात्रा लागते, चोवीस तासांत किती मेल्या, अठ्ठेचाळीस तासांत किती. या रकान्यात वनस्पतींची रसायनं बहुतेक वेळा नापास होतात. मग अहवालात 'परिणाम मध्यम' असं लिहिलं जातं आणि काम तिथेच थांबतं.

मला या लेखात त्या रकान्याविषयी बोलायचं आहे. कारण बरीच वर्षं या अळ्यांसोबत काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. झाडाला अळीच्या मरणाशी काही देणंघेणं नाही, त्याला आपलं पान वाचवायचं असतं. त्याने कोट्यवधी वर्षांत जी रसायनं घडवली ती या कामासाठी घडवली. ती पारखायची तर पान मोजायला हवं.

कडुनिंबाची गोष्टच घ्या. 1959 साली सुदानात टोळधाड आली होती. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइन्झ श्मुटरर तिथे होते. हिरवं दिसेल ते फस्त करणारे टोळ कडुनिंबावर उतरले आणि पानं न खाता निघून गेले, हे त्यांनी पाहिलं. पुढे तीनच वर्षांनी, 1962 साली, दिल्लीवर टोळ आले तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतले डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचा मगज वाटून त्याचं पाणी उभ्या पिकावर फवारलं. टोळ त्या पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. या दोन्ही नोंदींमध्ये मेलेल्या टोळांची मोजदाद नाही. दोन्हीकडे पाहणाऱ्याची नजर पिकावर होती आणि म्हणूनच ही गोष्ट त्यांना दिसली. टोळांचे ढीग शोधत बसले असते तर ती निसटून गेली असती.

1968 साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतलं ते द्रव्य वेगळं काढलं. अझाडिरॅक्टिन. शोधायची रीतही टोळांनीच ठरवली होती. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग टोळांपुढे ठेवायचा, टोळ ज्याला तोंड लावत नाहीत तो पुढे न्यायचा. वाळवंटी टोळाला हे द्रव्य दहा लाखांत एका भागाहून कितीतरी कमी असलं तरी कळतं आणि तो खाणं थांबवतो. त्याच्या मुखांगांवरचे चव ओळखणारे बारीक केस त्याला सांगतात, हे नको.

सगळे कीटक इतके चोखंदळ नसतात. आमच्याकडची घाटेअळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, सूर्यफूल सगळं खाते आणि कडू पानालाही तोंड लावून पाहते. तिच्या बाबतीत अझाडिरॅक्टिन दुसरं काम करतं. अळीची कातडी ताणत नाही. लहान झालेला सदरा उतरवावा तशी तिला वाढताना चार-पाच वेळा कात टाकावी लागते. ती कात टाकायची वेळ झाली हे शरीराला कळवणारं संप्रेरक असतं, एक्डायसोन. अझाडिरॅक्टिन त्याचा मेळ बिघडवतं.

प्रयोगशाळेत हे बघताना मी अनेकदा कामाची वेळ विसरले आहे. घाटेअळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीची वेगळी डबी. त्यात हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, अगर आणि क जीवनसत्त्व घालून शिजवलेल्या खाद्याची वडी. काही वड्यांत निंबोळी अर्क, काहींत नुसतं पाणी. पहिल्या दिवशी दोन्ही डब्यांत फरक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या डबीत विष्ठेच्या गोळ्यांचा थर असतो आणि अर्काच्या डबीत मोजक्या गोळ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्याची अळी बोटाच्या पेराएवढी होते आणि अर्काची अळी तेवढीच राहते. मग कात टाकायचा दिवस येतो. जुनं डोक्याचं कवच सुटत नाही, तोंडावरच अडकून बसतं. काही अळ्या अर्ध्या कोषात जातात, मागचा भाग अळीचा आणि पुढचा कोषाचा. यातल्या बहुतेक शेवटी मरतात, पण आठवड्याने. तोवर चोवीस तासांचा रकाना भरून बंद झालेला असतो. त्या रकान्यात या अळीची नोंद 'जिवंत' अशी असते.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शेतात मी एकदा तुरीच्या काही ओळींवर निंबोळी अर्क फवारला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या वडीलधाऱ्या अण्णांचा आवाज बांधावरूनच आला, "अगं माय, जित्त्याच हायेत की सगळ्या! चालायल्यात बघ." मी त्यांना काही डहाळ्यांना लाल दोरा बांधायला सांगितला. रोज दोऱ्याच्या डहाळीवर कोवळ्या शेंगांना नवं भोक पडलं का ते बघा, अळीकडं बघू नका, एवढंच मी म्हणाले. अण्णा शाळा फार शिकलेले नाहीत, पण नजर पक्की. चार दिवसांनी ते आपणहून म्हणाले, "अळी हाय, पण भोक न्हाई. उपाशी बसलीय रांड." माझ्या विषयातल्या एका जाड ग्रंथाचा सारांश त्या वाक्यात आहे असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

रसायनशास्त्रज्ञांना या द्रव्याने फार झुंजवलं. अझाडिरॅक्टिनची नेमकी रचना कळायला 1985 साल उजाडलं. पस्तीस कार्बन, सोळा ऑक्सिजन, कड्यांत अडकलेली कडी. ते प्रयोगशाळेत शून्यापासून तयार करायला केंब्रिजच्या स्टीव्हन ली यांच्या गटाला आणखी 22 वर्षं लागली. 2007 साली ते जमलं, पण इतक्या लांब वाटेने, की कारखान्यात तो मार्ग परवडणारच नाही. म्हणून आजही दुकानात मिळणाऱ्या 1500 किंवा 10000 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत तितके भाग असलेल्या) बाटलीतलं अझाडिरॅक्टिन निंबोळीतूनच काढलेलं असतं. ते बनवायचा कारखाना म्हणजे अजूनही झाडच आहे. मराठवाड्यात ते बांधाबांधावर, शाळेच्या आवारात, मारुतीच्या पाराला उभं असतं, पाऊस कमी झाला तरी हिरवं.

हे द्रव्य उन्हात टिकत नाही, ही तक्रार नेहमी येते. खरी आहे. म्हणूनच फवारणी संध्याकाळी करायची असते आणि काही दिवसांनी पुन्हा करावी लागते. पण टिकत नाही हा दोष धरून आपण कुठवर गेलो ते पाहण्यासारखं आहे. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात पायरेथ्रिन नावाची द्रव्यं असतात. कीटकाच्या मज्जासंस्थेवर ती झटकन काम करतात आणि उन्हात तितक्याच झटकन विरतात. माणसाने ही उणीव दूर करायची ठरवली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात मायकेल एलियट यांच्या गटाने 1973 साली परमेथ्रिन जाहीर केलं, उन्हात टिकणारं. त्याच घराण्यातलं सायपरमेथ्रिन आज आमच्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतं. फवारलं की अळी पटकन मरते. तीच फवारणी मधमाशीला, ढालकिड्याला, परोपजीवी गांधीलमाशीला मारते आणि ओढ्यात उतरली तर माशांनाही. अळीला खाणारे गेले की वाचलेल्या अळ्यांना रान मोकळं मिळतं. फूल जे काम करून विरून जात होतं, ते आपण न विरणारं केलं. मी रसायनांच्या विरोधात नाही, वेळेला मीही ती सुचवते. पण 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, हे विसरून या विषयावर बोलता येत नाही.

आता हरभऱ्याकडे येते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव त्यात आहे.

पौष-माघात पहाटे हरभऱ्याच्या रानातून अनवाणी चाललं की पाय चुरचुरतात. पानांवरच्या बारीक केसांच्या टोकांना आंबट थेंब असतात. आमच्याकडे त्याला आंब म्हणतात. पूर्वी घराघरांतून माणसं पहाटे स्वच्छ धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावर पसरत, दवासकट आंब त्यात मुरली की पिळून बाटलीत भरून ठेवत. पोट दुखलं, अपचन झालं की पाण्यात थोडी. आजीच्या फडताळातली ती बाटली मला आठवते, बुचाशी पांढरट खर जमलेली.

या आंबेत मुख्यतः मॅलिक आम्ल असतं आणि त्यासोबत ऑक्झॅलिक आम्ल. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे, तिथे हरभऱ्याच्या वाणांवर मोठं काम झालं. 1995 साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की घाटेअळीला कमी बळी पडणाऱ्या वाणांच्या पानांवर ऑक्झॅलिक आम्ल जास्त जमतं आणि ते पोटात गेलं की अळीची वाढ मंदावते. फक्त मंदावते. ती मरत नाही. पुन्हा तोच रकाना आणि पुन्हा नापास.

पण मंदावण्याचा अर्थ शेतात काय होतो ते पाहा. अळी कोवळी असते तेव्हा कॅम्पोलेटिस नावाची छोटी गांधीलमाशी तिच्या अंगात अंडं घालते. मोठ्या अळीवर तिचं चालत नाही. हरभऱ्याने अळीला जितके दिवस लहान ठेवलं तितके दिवस या माशीला संधी मिळाली. साळुंकी आणि कोतवाल यांनाही तेवढे दिवस जास्त. रानात टी आकाराचे पक्षिथांबे लावायला आम्ही सांगतो ते याच हिशेबाने. अर्थात याला दुसरी बाजू आहे. ट्रायकोग्रामा ही अंड्यांवर जगणारी माशी याच आंबेमुळे हरभऱ्यावर नीट काम करू शकत नाही, तिचे पाय त्या चिकट आम्लात अडतात. आणि अवकाळी पाऊस आला की आंब धुऊन जाते, मग पुढचे काही दिवस पीक उघडं पडतं. अवकाळीनंतर घाटेअळी वाढते असं अण्णांच्या पिढीने नेहमी म्हटलं आहे. ढगाळ हवा हे त्याचं एक कारण असेल, धुतली गेलेली आंब हे मला दुसरं वाटतं.

अळीही स्वस्थ बसत नाही, हे सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. हरभऱ्याच्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात, प्रोटिएज निरोधकं. घाटेअळी ती खुशाल पचवते, कारण पिढ्यान्पिढ्या त्याच ताटात जेवल्याने तिच्या आतड्याने दुसरी पाचकद्रव्यं तयार करायला शिकून घेतलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने 1999 साली एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. अळीला जी झाडं नेहमीची नाहीत त्यांची निरोधकं, भुईमुगाची, चारधारी घेवड्याची, बटाट्याची, तिला दिली तर तिची पचनशक्ती खरोखर अडते. आणि ती एकामागून एक बदलत दिली तर जास्त अडते. मक्यावरची नवी लष्करी अळी तर 2018 साली भारतात दिसली आणि बघता बघता सिल्लोड-कन्नडच्या मक्याच्या पोंग्यात जाऊन बसली. मका स्वतःच्या बचावासाठी जे विष सोडतो त्याला ही अळी आतड्यात साखरेचा रेणू जोडते, तोही उलट्या बाजूने, म्हणजे झाडाच्या विकराने तो पुन्हा सुटू नये. मला यात शत्रू दिसण्याआधी एक थक्क करणारा जीव दिसतो आणि त्याची लाज वाटत नाही.

एकाच द्रव्यावर विसंबलं की काय होतं ते मराठवाड्याने कापसात भोगलं. अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली, 2006 साली दोन जनुकांचं वाण आलं. शेंदरी बोंडअळीने दोन्ही पचवली. 2017 च्या हंगामात जालना, परभणी, नांदेडकडे माणसं उभ्या कपाशीत नांगर घालत होती. याच्या शेजारी कॅनडातला एक प्रयोग ठेवून पाहावा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मावा किडीला 40 पिढ्या शुद्ध अझाडिरॅक्टिन दिलं, निष्कर्ष 1995 साली छापले. मावा नऊपट सहनशील झाला. दुसऱ्या गटाला तेवढंच अझाडिरॅक्टिन असलेला निंबोळीचा पूर्ण अर्क दिला. त्या गटात प्रतिकार आला नाही. निंबोळीत इतरही अनेक कडू द्रव्यं असतात आणि ती सगळी एकदम चुकवणं किडीला जड जातं. पाटा-वरवंट्यावर वाटलेल्या निंबोळीचं पाणी बाटलीतल्या शुद्ध द्रव्यापेक्षा काही बाबतींत जास्त शहाणं आहे, असं मी म्हणते ते या प्रयोगामुळे.

दशपर्णी अर्काबद्दल मात्र मी सावध असते. कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, एरंड, रुई, कण्हेर, धोतरा असा दहा पानांचा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचा. त्यात काय उरतं आणि काय बदलतं हे प्रत्येक पिंपात वेगळं. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, शेतकऱ्यांचे अनुभव खोटे नसतात. पण त्यातली कण्हेर आणि धोतरा ही माणसालाही विषारी आहेत, हे सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. झाडाचं म्हणजे निरुपद्रवी, हा समज मला फार काळजीचा वाटतो. बालाघाटच्या डोंगररांगेत, धारूरपासून पुढे, सीताफळाची रानं आहेत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याच्या बियांतली असिटोजेनिन नावाची द्रव्यं कीटकाच्या पेशीतली ऊर्जा तयार करायची यंत्रणाच बंद पाडतात. गावाकडे उवांसाठी या बियांची पूड डोक्याला लावतात आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. मुलींच्या डोक्याला ती लावू नका. तंबाखूचं पाणी फवारणाऱ्यांनाही हेच सांगणं, निकोटिन कातडीतून अंगात भिनतं.

निंबोळी अर्काची कृती नव्याने सांगायची गरज नाही, पण दोन-तीन गोष्टी लोक गाळतात म्हणून लिहिते. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या बारीक कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, दोनशे ग्रॅम कपडे धुण्याचा चुरा घालायचा आणि पाणी घालून शंभर लिटर करायचं. हा पाच टक्के अर्क. त्याच दिवशी संध्याकाळी वापरायचा, ठेवायचा नाही. निंबोळ्या उन्हात नाही, सावलीत वाळवायच्या, आणि बुरशी लागलेल्या फेकून द्यायच्या. अंडी आणि अगदी लहान अळ्या असतानाच फवारायचं. बोंडात शिरलेल्या शेंदरी अळीला हा अर्क काहीही करत नाही, तिथे त्याच्याकडून अपेक्षा ठेवणं हा अर्कावरही अन्याय आणि शेतकऱ्यावरही. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की हालचाल करायची, असा कपाशीचा ठोकताळा आहे. तो ठोकताळा शेतात एकही अळी नको असं कधी सांगत नाही. किती अळ्या पिकाला सोसतात एवढंच सांगतो.

माझ्या सध्याच्या वहीत मी रकाने बदलले आहेत. खाल्लेल्या पानाचं क्षेत्रफळ, विष्ठेचं वजन, पुढची कात टाकायला लागलेले दिवस, कोषाचं वजन, आणि त्या कोषातून निघालेल्या मादीने घातलेली अंडी. हे सगळं मोजायला वेळ लागतो, आणि असे निष्कर्ष छापून आणायला त्याहून जास्त. तरुण विद्यार्थी तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर असतात, त्यांना लवकर मरणारी अळी सोयीची असते. तरी माझ्याकडच्या मुलींनी ही वाट धरली आहे आणि त्यांचा मला अभिमान आहे.

आता आमच्यापुढचं काम झाडांचं आहे. सगळ्या कडुनिंबांत अझाडिरॅक्टिन सारखं नसतं. शंभर ग्रॅम मगजात ते जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, कधी बरंच कमी, आणि झाडागणिक, जमिनीगणिक बदलतं. एखाद्या गावचा अर्क चालतो आणि शेजारच्या गावचा चालत नाही, यामागे हेही एक कारण असतं. रस्ते रुंद होताना जुनी झाडं वेगाने जात आहेत आणि त्यांच्यातलं कोणतं मोलाचं होतं हे कळायच्या आत जात आहेत. म्हणून यंदा आम्ही मराठवाडाभरातून एकेका झाडाच्या निंबोळ्या वेगळ्या गोळा करतो आहोत. तुमच्या बांधावर, वाड्याजवळ, देवळाच्या पाराला जुना कडुनिंब असेल तर ज्येष्ठ-आषाढात पिकून पडलेल्या निंबोळ्या, साल काढून सावलीत वाळवलेल्या, दोन किलो बाजूला ठेवा. दोन झाडांच्या एकत्र करू नका. कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. पिशवीवर गावाचं नाव, आणि झाड विहिरीजवळचं आहे की माळावरचं, एवढं लिहिलं तरी आम्हाला पुरे.